इराक कसा घडला: मँडेट, बंड आणि हातचं राखून दिलेलं स्वातंत्र्य

१ एप्रिल १९३२ रोजी इराकने स्वतःचं चलन सुरू केलं, दिनार. तोपर्यंत बगदाद, बसरा आणि मोसुलच्या बाजारात कित्येक वर्षं भारतीय रुपया चालत होता. नव्या दिनाराचा दर ठरला १३ रुपये ५ आणे ४ पै. म्हणजे अरबी बोलणारा, तैग्रिस-युफ्रेटिसच्या काठचा एक देश मुंबई-कलकत्त्याच्या नाण्यांवर खरेदी-विक्री करत होता.

हे कसं झालं, याचा शोध घेतला की दोन महायुद्धांच्या मधल्या काळातला एक मोठा पेच उलगडतो. शाळेत आपण साधारण असं शिकतो की पहिल्या महायुद्धाने साम्राज्यं खिळखिळी झाली, दुसऱ्याने ती कोसळली आणि मधल्या काळात राष्ट्रवादी चळवळी वाढल्या. हे चूक नाही, पण यातून एक महत्त्वाची गोष्ट निसटते. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश साम्राज्य आकुंचन पावलं नाही, उलट इतिहासात कधी नव्हतं एवढं पसरलं. फ्रान्सचंही तसंच झालं. आणि नेमक्या याच वेळी या साम्राज्यांना पहिल्यांदा जगासमोर लिहून द्यावं लागलं की काही मुलखांवरची आपली सत्ता कायमची नाही, तिथल्या लोकांच्या भल्यासाठी आहे आणि ते तयार झाले की संपणार आहे. माझ्या मते या काळाचं सगळं राजकारण या लिहून देण्याभोवती फिरतं. देणाऱ्यांनी ते मनापासून लिहिलं नव्हतं. घेणाऱ्यांनी मात्र ते शब्दशः घेतलं.

इराकचं उदाहरण निवडलं, कारण तिथे हा खेळ सुरुवातीपासून शेवटपर्यंत दिसतो. आणि त्यात आपल्याकडची माणसंही आहेत.

पुण्याच्या नावाची डिव्हिजन

१९१४ साली इराक नावाचं राज्य नव्हतं. ऑटोमन तुर्कांच्या साम्राज्याचे तीन प्रांत होते: मोसुल, बगदाद आणि बसरा. नोव्हेंबर १९१४ मध्ये तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूने युद्धात उतरलं आणि त्याच महिन्यात भारतातून गेलेल्या फौजेने बसरा घेतलं. ही मोहीम लंडनहून नव्हे, तर भारत सरकारकडून चालवली जात होती. कारण इराणच्या आखातावर नजर ठेवणं हे तेव्हा भारत सरकारचं काम मानलं जाई. शेजारी इराणात अबादानला अँग्लो-पर्शियन कंपनीचा तेल शुद्धीकरण कारखाना होता, त्याचंही रक्षण करायचं होतं.

या मोहिमेत पुढे होती सहावी पूना डिव्हिजन. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. १९१५च्या अखेरीस ही डिव्हिजन बगदादच्या वाटेवर मार खाऊन मागे फिरली आणि कूत या गावात वेढली गेली. जवळजवळ पाच महिन्यांच्या उपासमारीनंतर २९ एप्रिल १९१६ रोजी जनरल टाउन्सहेंडने शरणागती पत्करली. सुमारे १३ हजार माणसं तुर्कांच्या कैदेत गेली आणि त्यातली बहुसंख्य भारतीय होती. कैद्यांच्या पायपिटीत आणि छावण्यांत किती तरी मेले.

या फजितीचा धागा थेट भारताच्या राजकारणाला येऊन मिळतो. मोहिमेतल्या गैरव्यवस्थेच्या चौकशीचा अहवाल १९१७ साली आला, त्यावरून भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला आणि त्यांच्या जागी एडविन माँटेग्यू आले. महिन्याभरात, २० ऑगस्ट १९१७ रोजी, भारताला टप्प्याटप्प्याने जबाबदार राज्यपद्धती देण्याची घोषणा त्यांनी केली. या घोषणेची मुख्य कारणं होती होमरूलची चळवळ आणि युद्धात भारताची पडलेली गरज. पण ती करायला माँटेग्यू त्या खुर्चीत बसले, ते कूतमुळे.

बसऱ्यात इंग्रजांनी कारभार बसवला तो भारतातून उचलून. रुपया आला, कारकून आले, पोलीस आले. भारतीय कायद्यांवर बेतलेली संहिता १९१५ मध्ये लागू झाली. टोळ्यांसाठी वेगळा कायदा केला, तोही वायव्य सरहद्दीवरच्या नमुन्याचा: टोळीचा शेख हाच न्याय देणार, हाच सारा गोळा करणार. आपल्याकडे संस्थानिकांना आणि जमीनदारांना हाताशी धरून चालवलेला कारभार तिकडे शेखांच्या रूपाने उभा राहिला. बसरा भारतालाच जोडावं, तिथे भारतीय शेतकरी वसवावेत, अशीही बोलणी तेव्हा सरकारी वर्तुळात चालली होती.

एकाच जमिनीची अनेक वचनं

युद्ध जिंकायला माणसं लागत होती आणि माणसं मिळवायला वचनं. १९१५-१६ मध्ये इजिप्तमधले ब्रिटिश हाय कमिशनर मॅकमहन यांनी मक्केच्या शरीफ हुसेन यांना पत्रांतून अरबांच्या स्वातंत्र्याला पाठिंबा देऊ केला. त्यावर भरवसा ठेवून हुसेननी जून १९१६ मध्ये तुर्कांविरुद्ध बंड पुकारलं. त्याच्या महिनाभर आधी ब्रिटन आणि फ्रान्सने सायक्स-पिको कराराने तोच प्रदेश आपापसात गुप्तपणे वाटून घेतला होता. नोव्हेंबर १९१७ मध्ये बाल्फर जाहीरनाम्याने पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंसाठी राष्ट्रीय घराचं आश्वासन दिलं गेलं. आणि त्याच महिन्यात रशियात सत्तेवर आलेल्या बोल्शेव्हिकांनी झारच्या दप्तरातले गुप्त करार छापून टाकले, सायक्स-पिकोसकट.

बगदाद ११ मार्च १९१७ रोजी पडलं. जनरल मॉडने तिथे जो जाहीरनामा काढला, त्यात म्हटलं होतं की आमची सैन्यं तुमच्या शहरांत आणि मुलखात विजेते किंवा शत्रू म्हणून नव्हे, तर मुक्तिदाते म्हणून आली आहेत. नोव्हेंबर १९१८ मध्ये ब्रिटन आणि फ्रान्सने संयुक्तपणे पुन्हा सांगितलं की तुर्कांच्या जाचाखालच्या लोकांची पूर्ण मुक्ती आणि त्यांच्या स्वतःच्या इच्छेने बनलेली सरकारं हाच आमचा हेतू आहे. हे पत्रक अरबीत छापून गावोगाव वाटलं गेलं. लोकांनी ते वाचलं आणि जपून ठेवलं.

त्यात अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन यांचे चौदा मुद्दे आणि स्वयंनिर्णयाची भाषा. विल्सन यांच्या डोळ्यांसमोर मुख्यतः युरोप होता. पण १९१९च्या वसंतात ही भाषा कुठल्या कुठे पोहोचली: मार्चमध्ये कोरिया जपानविरुद्ध उठला, त्याच महिन्यात राष्ट्रवादी पुढारी साद झगलूल यांना माल्टाला हद्दपार केल्यावर सगळा इजिप्त पेटला, मे महिन्यात चिनी विद्यार्थी बीजिंगच्या रस्त्यांवर उतरले. शांतता परिषदेत भारताची बाजू मांडायला काँग्रेसने टिळकांचं नाव सुचवलं होतं. टिळक तेव्हा लंडनमध्येच होते, पण त्यांना पॅरिसला जाऊ दिलं नाही. मग त्यांनी मार्च १९१९ मध्ये परिषदेचे अध्यक्ष क्लेमांसो यांना पत्र लिहून भारतालाही स्वयंनिर्णयाचं तत्त्व लावा अशी मागणी केली. भारताच्या नावाने व्हर्सायच्या तहावर सही झाली ती माँटेग्यू आणि बिकानेरचे महाराज गंगासिंह यांची.

मँडेट म्हणजे नेमकं काय

आता पेच असा होता. जिंकलेले मुलूख सरळ खिशात घालावेत तर विल्सन आडवे येणार, आणि आपणच वाटलेली पत्रकं खोटी ठरणार. सोडून द्यावेत तर तेल, आखात आणि भारताकडे जाणारी वाट हातची जाणार. यावर जो तोडगा निघाला त्याचं नाव मँडेट. त्याच्या आखणीत पुढाकार होता यान स्मट्स यांचा, म्हणजे दक्षिण आफ्रिकेत गांधीजींनी ज्यांच्याशी सामना केला तेच स्मट्स.

आपल्याकडे शेतजमिनीचा वारस लहान असला की सातबाऱ्यावर त्याच्या नावापुढे 'अपाक' असा शेरा पडतो: अज्ञान पालनकर्ता. जमीन पोराची, ताबा चुलत्याचा, पोरगा सज्ञान होईपर्यंत. राष्ट्रसंघाच्या (लीग ऑफ नेशन्स, मुख्यालय जिनिव्हा) घटनेतल्या २२व्या कलमाने जर्मनी आणि तुर्कस्तानकडून काढून घेतलेल्या मुलखांना हाच शेरा मारला. आधुनिक जगाच्या ओढाताणीत जे लोक अजून स्वतःच्या पायावर उभे राहू शकत नाहीत, त्यांचं कल्याण ही सुधारलेल्या जगाची पवित्र जबाबदारी आहे, असं त्यात लिहिलं. ती जबाबदारी 'प्रगत' राष्ट्रांनी राष्ट्रसंघाच्या वतीने सांभाळायची. अडचण तीच जी गावोगाव दिसते: पोरगा सज्ञान झाला हे ठरवायचं कोणी? इथे ते ठरवणारा चुलताच होता.

वारसांचे तीन वर्ग पाडले. 'अ' वर्गात इराक, सीरिया-लेबनॉन आणि पॅलेस्टाइन. हे जवळजवळ सज्ञान, यांना फक्त सल्ला आणि मदत द्यायची. 'ब' वर्गात टांगानिका, कॅमेरून, टोगो, रुआंडा-उरुंडी असे मध्य आणि पूर्व-पश्चिम आफ्रिकेतले मुलूख. 'क' वर्गात नैऋत्य आफ्रिका आणि पॅसिफिकमधली बेटं, ज्यांच्यावर ताबेदाराने आपल्याच मुलखाचा भाग असल्यासारखं राज्य करावं. ही वर्गवारी कशाच्या आधारे केली, असं विचारलं तर प्रामाणिक उत्तर एकच मिळतं: कातडीचा रंग आणि ताबेदाराची सोय.

पण दोन गोष्टी खरोखर नव्या होत्या. पहिली, ताबेदाराला दरवर्षी जिनिव्हाला अहवाल पाठवावा लागे आणि तिथला कायमस्वरूपी मँडेट आयोग त्यावर प्रश्न विचारी. दुसरी, रहिवाशांना अर्ज करता येई. हा अर्ज ताबेदार सरकारच्याच हातून पुढे जायचा, त्यामुळे त्याची गत काय होत असेल ते वेगळं सांगायला नको. आयोगाकडे सैन्य नव्हतं, शिक्षेचा अधिकार नव्हता. तरीही आपल्या कारभाराबद्दल साम्राज्याला तिऱ्हाइतांसमोर उत्तर द्यावं लागणं, ही गोष्ट १९१४च्या आधी कोणी मनातही आणली नसती.

कलमात आणखी एक वाक्य होतं: पालक निवडताना त्या समाजाची इच्छा हा मुख्य विचार असावा. सीरिया आणि पॅलेस्टाइनमध्ये १९१९ साली अमेरिकेचा किंग-क्रेन आयोग खरंच लोकांना विचारायला गेला. लोकांनी स्वातंत्र्य मागितलं, ते नसेल तर अमेरिकेचं पालकत्व, आणि फ्रान्स तर नकोच. हा अहवाल दाबून ठेवला गेला, छापला गेला तो १९२२ मध्ये, सगळं ठरून गेल्यावर. इराकमध्ये ब्रिटिश अधिकाऱ्यांनी आपल्या बाजूच्या शेख-सावकारांकडून सोयीची निवेदनं गोळा केली. मग एप्रिल १९२० मध्ये इटलीतल्या सान रेमो गावात ब्रिटन आणि फ्रान्स बसले आणि त्यांनी वाटणी केली. सीरिया फ्रान्सला, इराक आणि पॅलेस्टाइन ब्रिटनला.

१९२०चा उन्हाळा

मँडेटची बातमी मे १९२० मध्ये बगदादला पोहोचली. काही दिवसांनी रमझान लागला. आणि त्या महिन्यात बगदादमध्ये जे घडलं ते मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं.

सुन्नी आणि शिया एकमेकांच्या मशिदींत जमू लागले. सुन्नींचा मौलूद, म्हणजे पैगंबरांच्या जन्माचं गुणगान, आणि शियांचा शोकपाठ एकाच रात्री, एकाच ठिकाणी होऊ लागला. धार्मिक कार्यक्रम संपला की कविता म्हटल्या जायच्या, भाषणं व्हायची. सभेवर बंदी घालता येते, रमझानच्या रात्रीच्या मौलूदवर कशी घालणार? आपल्याकडे टिळकांनी गणेशोत्सवाला दिलेलं रूप आठवल्याशिवाय राहत नाही. फरक हा की बगदादमध्ये दोन पंथ एकत्र येत होते. या जुळवाजुळवीत पुढे होते जाफर अबू तिम्मन हे शिया व्यापारी आणि त्यांची 'हरस अल-इस्तिक्लाल' ही गुप्त संघटना. २ जूनला बगदादच्या पंधरा प्रतिनिधींनी ब्रिटिश कारभाराचे प्रमुख आर्नल्ड विल्सन यांची भेट घेतली. मागणी साधी होती: तुम्हीच १९१८ साली पत्रकात लिहिलं होतं तसं लोकांचं सरकार बनू द्या.

विल्सन भारत सरकारच्या राजकीय खात्यात तयार झालेले. मूठभर शहरी नाराजांची ही ओरड आहे, खेड्यातल्या माणसाला इंग्रजी शिस्तच हवी आहे, असं त्यांचं मत. हे मत आपल्या पूर्वजांनीही पुष्कळ ऐकलं आहे.

खेड्यातल्या माणसाने उत्तर द्यायला महिनाही लावला नाही. ३० जून १९२० रोजी युफ्रेटिसकाठच्या रुमैथा गावात शेख शालान अबू अल-जून यांना शेतकर्जाच्या थकबाकीवरून अटक झाली. इराकमध्ये असं सांगितलं जातं की शेखांनी घरी निरोप धाडला, 'मला दहा सोन्याच्या लिरा पाठवा', आणि घरच्यांना जे समजायचं ते समजलं. दहा हत्यारबंद माणसं आली आणि त्यांना सोडवून घेऊन गेली. मग रेल्वेचे रूळ उखडले गेले, चौक्या वेढल्या गेल्या. करबल्याचे वृद्ध मुजतहिद, म्हणजे शियांचे धर्मशास्त्री, मिर्झा मुहम्मद तकी शिराझी यांनी, मागण्या मान्य होणार नसतील तर हक्कासाठी बळ वापरायला मुभा दिली होती. मध्य युफ्रेटिसचा बराचसा पट्टा हातातून गेला.

इथे थांबून विचारायला हवं: टोळीवाला का उठला? त्याने वुड्रो विल्सन यांचे चौदा मुद्दे वाचले नव्हते. तुर्कांच्या काळात सारा कागदावर असायचा, वसुली जमेल तशी. भारतातून आलेल्या कारभाराला पै-पैचा हिशेब ठाऊक होता. वसुली नेमाने होऊ लागली, कालवे आणि बांध राखायला वेठीने माणसं नेली जाऊ लागली, आणि ज्या शेखांना सरकारने मोठं केलं त्यांच्याविरुद्ध बाकीचे शेख कुढू लागले. शहरातल्या वकिलाचा, फौजेतून परतलेल्या अधिकाऱ्याचा, करबल्याच्या मौलवीचा आणि भातशेती करणाऱ्या टोळीचा राग वेगवेगळा होता. त्या सगळ्या रागांना एकच पत्ता मिळाला. राष्ट्रवाद वाढतो तो पुष्कळदा असा. राष्ट्राची कल्पना शहरात लिहिली जाते, पण तिला माणसं मिळतात ती पटवाऱ्याच्या आणि फौजदाराच्या वागण्यामुळे.

बंड मोडायला फौज आली ती बहुतांश भारतीय, आणि कुमकही भारतातूनच. ऑक्टोबरपर्यंत जोर ओसरला. हजारो इराकी मेले, आणि ब्रिटिश-भारतीय फौजेचीही शेकडो माणसं. खर्च सुमारे ४ कोटी पौंडांच्या घरात गेला, असं मानतात.

त्याच महिन्यांत इकडे काय चाललं होतं? १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत टिळक गेले आणि त्याच दिवशी गांधीजींच्या असहकाराला सुरुवात झाली. सप्टेंबरमध्ये कलकत्त्याच्या खास अधिवेशनात काँग्रेसने असहकाराचा जो ठराव केला, त्यात शाळा, कोर्टं, पदव्या यांच्यावरच्या बहिष्काराबरोबर एक कलम असंही होतं की सैनिक, कारकून आणि मजूर यांनी मेसोपोटेमियातल्या नोकरीसाठी भरती होऊ नये. आपल्या पाठ्यपुस्तकांत हे कलम बहुधा गळतं. मला ते फार मोलाचं वाटतं, कारण एका गुलाम देशाची माणसं वापरून दुसऱ्याला गुलाम करण्याची जी युक्ती होती, तिच्यावर त्या ठरावाने नेमकं बोट ठेवलं होतं.

राजा आणला, करार केला, विमानं ठेवली

४ कोटींचा आकडा पाहून लंडन हादरलं. युद्धाने दमलेला ब्रिटिश करदाता बगदादसाठी आणखी पैसे द्यायला तयार नव्हता. म्हणजे बंड रणांगणात हरलं, पण भारतासारखा थेट कारभार इराकमध्ये बसवण्याचा बेत त्याने कायमचा मोडून काढला. आर्नल्ड विल्सन गेले, त्यांच्या जागी हाय कमिशनर म्हणून पर्सी कॉक्स आले. मार्च १९२१ मध्ये वसाहतमंत्री चर्चिल यांनी कैरोत परिषद घेतली आणि स्वस्तातला उपाय निघाला: राज्य अरबांचं दिसावं, सूत्रं आपल्याकडे राहावीत.

राजा निवडला शरीफ हुसेन यांचा मुलगा फैसल. हा माणूस आदल्याच वर्षी सीरियाचा राजा झाला होता. चार-साडेचार महिन्यांत, मैसलूनच्या लढाईनंतर, फ्रेंचांनी त्याला दमास्कसमधून हाकललं. त्याने इराकमध्ये याआधी पाऊलही ठेवलं नव्हतं. बसऱ्याचे सय्यद तालिब हे स्थानिक इच्छुक होते, त्यांना उचलून सिलोनला पाठवलं. सार्वमत घेतलं, ९६ टक्के लोक फैसलच्या बाजूचे असल्याचं जाहीर झालं आणि २३ ऑगस्ट १९२१ रोजी राज्यारोहण झालं. इराकचं राष्ट्रगीत अजून नव्हतं, म्हणून बँडने ब्रिटनचं वाजवलं.

फैसल बाहुला होता असं म्हणून त्याला निकालात काढणं सोपं आहे, पण ते अन्यायाचं होईल. आपली गादी इंग्रजांमुळे आहे आणि इंग्रजांपुढे मान तुकवली तर ती टिकणार नाही, ही दोन्ही सत्यं त्याला कळत होती. बारा वर्षं तो या दोहोंच्या मधून वाट काढत राहिला. मँडेट हा शब्दच लोकांना इतका असह्य झाला होता की ब्रिटनने तीच व्यवस्था १९२२ मध्ये 'करार' म्हणून पुढे केली. ब्रिटिश सल्लागार, परराष्ट्र धोरणावर ब्रिटिश पकड, सगळं त्यात होतंच. विरोधकांना हद्दपार केलं: अबू तिम्मन आखातातल्या हेंजम बेटावर, शिया मौलवी इराणकडे. जून १९२४ मध्ये, मुदत संपायला आली असताना मध्यरात्रीच्या सुमारास, घटना समितीने ३७ विरुद्ध २४ मतांनी तो करार मंजूर केला. शंभरांच्या सभागृहात कित्येक जण आलेच नव्हते.

आणि विमानं. ऑक्टोबर १९२२ पासून इराकचा लष्करी ताबा ब्रिटनने पायदळाऐवजी हवाई दलाकडे सोपवला. पलटणीपेक्षा विमानं स्वस्त पडत. टोळीने बंड केलं, कधी कधी नुसता कर थकवला, तरी गावावर बाँब टाकले जात. उत्तरेत कुर्दांचे शेख महमूद बरझंजी स्वतंत्र कुर्दिस्तान मागत होते, त्यांच्यावर तर वर्षानुवर्षं. आर्थर हॅरिस, ज्यांनी दुसऱ्या महायुद्धात जर्मन शहरांवरच्या बाँबफेकीचं नेतृत्व केलं, ते या काळात इराकमधल्या एका हवाई तुकडीचे प्रमुख होते. 'पवित्र जबाबदारी' या शब्दांचा खरा अर्थ ज्याला पाहायचा असेल, त्याने जिनिव्हाचे अहवाल आणि ही बाँबफेक शेजारी-शेजारी ठेवून पाहावी.

तेलाची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती किचकट असली तरी तिचं सार छोटं आहे. १९२५ मध्ये तेलाचा मक्ता ब्रिटिश-डच-फ्रेंच भागीदारीच्या कंपनीला मिळाला, नंतर त्यात अमेरिकन कंपन्याही आल्या. सान रेमोत म्हटलं गेलं होतं की स्थानिक सरकारला २० टक्क्यांपर्यंत भाग घेता यावा. मक्त्याच्या अंतिम करारात तो भाग नव्हता. इराकच्या वाट्याला आली टनामागे चार शिलिंगांची रॉयल्टी. त्याच वर्षाअखेरीस राष्ट्रसंघाने मोसुल प्रांत तुर्कस्तानला न देता इराककडे ठेवला, आणि ऑक्टोबर १९२७ मध्ये त्याच प्रांतात किरकुकजवळ बाबा गुरगुरला तेलाचा प्रचंड फवारा उडाला.

सज्ञान

१९३० मध्ये नवा करार झाला, इराकच्या बाजूने पंतप्रधान नूरी अल-सईद यांनी केलेला. मुदत २५ वर्षं. सल्लागार कमी होणार, कारभार इराकी हातांत जाणार, पण दोन हवाई तळ ब्रिटनकडे राहणार आणि युद्ध आलं तर इराकची रेल्वे, बंदरं, नद्या वापरायची मुभा ब्रिटनला असणार. या अटींवर ३ ऑक्टोबर १९३२ रोजी इराक राष्ट्रसंघाचा सभासद झाला. मँडेटमधून बाहेर पडून स्वतंत्र झालेला हा पहिला देश.

हे स्वातंत्र्य खोटं होतं का? बगदादचे राष्ट्रवादी तेव्हा तसंच म्हणत होते आणि तळांकडे, तेलाकडे बोट दाखवत होते. मला वाटतं, खोटं नव्हतं, अपुरं होतं, आणि या दोहोंत फरक आहे. शाळा, फौज, परराष्ट्र खातं, चलन हे सगळं आता इराकी हातांत होतं. शाळांत साती अल-हुसरी यांनी घडवलेला अरब राष्ट्रवादी अभ्यासक्रम चालत होता आणि त्यातून तयार झालेली पिढी आपल्या बापांहून कमी गप्प बसणारी होती.

अपुरेपणाची दुसरी बाजू मात्र राष्ट्रवाद्यांच्याही पदरात येते. मार्च १९३२ मध्ये फैसलने एका गोपनीय टिपणात लिहून ठेवलं की इराकी म्हणावा असा एकसंध समाज अजून बनलेलाच नाही. शियांना कर आणि मरण आपल्या वाट्याला आणि पदं सुन्नींच्या, असं वाटतं. कुर्दांना हे राज्यच परकं आहे. कुर्दांना १९२०च्या सेव्हरच्या तहात स्वतंत्र राज्याची आशा दाखवली होती, १९२३च्या लोझानच्या तहात तिचा उल्लेखही राहिला नाही. इंग्रजांविरुद्ध एक होणं आणि एकमेकांबरोबर एक होणं या निराळ्या गोष्टी होत्या. ऑगस्ट १९३३ मध्ये, स्वातंत्र्याला वर्षही झालेलं नसताना, इराकी फौजेने उत्तरेत सिमेले आणि आसपासच्या गावांत असीरियन ख्रिश्चनांची कत्तल केली. इंग्रजांनी असीरियनांना आपल्या पलटणींत भरती करून बाकीच्यांपासून तोडलं होतं, हे खरं. गावं मारली ती मात्र नव्या राष्ट्राच्या सैन्याने, आणि परतलेल्या सैन्याचा शहरांत जयजयकार झाला. हे सांगितल्याशिवाय राष्ट्रवादाची गोष्ट पुरी होत नाही. महिनाभराने फैसल बर्नमध्ये वारला. फौजेचे त्या मोहिमेतले सेनापती बक्र सिदकी यांनी १९३६ मध्ये सत्ता उलथवली.

बाकीच्या वारसांचं काय? सीरियात १९२५ मध्ये सुलतान अल-अतरश यांच्या नेतृत्वाखाली द्रूझ पंथीयांच्या डोंगरातून मोठा उठाव झाला, तेव्हा फ्रेंचांनी दमास्कसवर तोफा डागल्या. १९३६ मध्ये तिथे कित्येक आठवडे सार्वत्रिक हरताळ पाळला गेला आणि इराकसारखा करार पदरात पडलाही, पण फ्रेंच संसदेने त्याला मंजुरीच दिली नाही. सामोआत 'मौ' चळवळीच्या लोकांनी जिनिव्हाला अर्ज धाडले आणि २८ डिसेंबर १९२९ रोजी शांत मोर्च्यावर न्यूझीलंडच्या पोलिसांच्या गोळ्या झेलल्या, त्यात त्यांचे नेते तामासेसे मारले गेले. नैऋत्य आफ्रिका, म्हणजे आजचा नामिबिया, स्मट्स यांच्याच देशाकडे होता. १९७१ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने दक्षिण आफ्रिकेचा तिथला ताबा बेकायदा ठरवला, तेव्हा युक्तिवादाच्या मुळाशी मँडेटची तीच जुनी जबाबदारी होती. तो देश स्वतंत्र व्हायला १९९० साल उजाडलं.

इराकमध्ये १९३०च्या कराराची परीक्षा झाली ती एप्रिल १९४१ मध्ये. माजी पंतप्रधान रशीद अली यांनी लष्करातल्या चार कर्नलांच्या बळावर सत्ता घेतली आणि जर्मनीकडे मदतीसाठी पाहिलं. ब्रिटनने कराराचं कलम पुढे केलं आणि बसऱ्यात फौज उतरवली, पुन्हा एकदा भारतीय. मे महिन्याअखेर बगदाद परत ताब्यात आलं. राजेशाही १४ जुलै १९५८च्या क्रांतीत संपली, हबानियाचा हवाई तळ ब्रिटिशांनी १९५९ मध्ये सोडला, आणि तेल कंपनीचं राष्ट्रीयीकरण झालं ते १९७२ मध्ये.